टोकियो, बोटीने चोवीस तास

हाना-सान आमच्या दारात पहिल्यांदा आल्या त्या चोरीचा माल शोधत. चोर मी होते.

टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आम्हाला येऊन जेमतेम महिना झाला होता. एक दिवस दाराच्या मुठीला एक हिरवा, जाड पुठ्ठ्याचा फोल्डर लटकलेला दिसला. मी म्हटलं, वा, काय लोक आहेत! नव्या बिऱ्हाडाला न बोलता भेट. आतल्या जपानी कागदांना जाहिराती समजून मी ते रद्दीत घातले, तेही नियमाप्रमाणे सुतळीने छान बांधून. फोल्डरमध्ये लेकीच्या, मुक्ताच्या लसीकरणाचे कागद आणि सासूबाईंनी लिहून दिलेली गोड्या मसाल्याची कृती ठेवली. तीन आठवडे मी त्या फोल्डरवर बेहद्द खूश होते.

तीन आठवड्यांनी बेल वाजली. दारात एक बुटकी, उन्हाने रापलेली बाई. केस पांढरे आणि कुरळे, डोळे राखाडी. जपानी म्हणावं तर तशी दिसत नव्हती, परदेशी म्हणावं तर कमरेत वाकून नमस्कार अस्सल जपानी. इंग्रजी मात्र जहाजावरच्या अमेरिकन खलाशाने बोलावं तसं मोकळंढाकळं. "हिरवा फोल्डर पाहिलास का गं कुठे?" मी अभिमानाने आत गेले आणि मसाल्यासकट फोल्डर आणून दाखवला.

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चपलांपाशी खालीच बसल्या. मग मला समजावलं. तो इमारतीचा फिरता फोल्डर. समितीच्या सूचना त्यात घालायच्या, प्रत्येक घराने वाचायच्या, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दाराला लटकवायचा. माझ्याकडे तो अडकल्यामुळे पुढच्या सात घरांना पाणी बंद राहणार असल्याचं कळलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा डोक्याला साबण लावून अर्धा तास न्हाणीत उभे होते म्हणे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी "गोमेन नासाई, गोमेन नासाई" असा माफीचा जप लावला.

"तुला हे वाचता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चूक तुझी कशी? वाचता येतं का, हे तुला आम्ही विचारलंच नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तर आमची ओळख तिथेच संपली असती. पण त्या रविवारी समितीच्या बैठकीत उभ्या राहून त्यांनी हेच वाक्य सगळ्यांना ऐकवलं. नंतर दर आठवड्याला फोल्डर आला की त्या स्वतः यायच्या, माझ्या स्वयंपाकघरात बसून एकेक सूचना वाचून दाखवायच्या, आणि माझा शिक्का पडल्यावरच उठायच्या. कचऱ्याचे वार, गवत काढायचा रविवार, भूकंपाची कवायत. मी जपानी वाचायला शिकले ते असं, फोल्डर फोल्डर करत. सात वर्षं हे चाललं. माझ्या सख्ख्या मावशीनेही माझ्यासाठी एवढा वेळ काढला नसता, आणि मावशी मला आवडते.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी आपलं नेहमीचं विचारलं, "हाना-सान, तुमचं गाव कोणतं?"

"टोकियोच."

"तसं नाही, मूळ गाव?"

"टोकियोच की! बोटीने चोवीस तास."

मला वाटलं, बाईंची गंमत चालली आहे. पण खरंच तसं आहे. पॅसिफिकमध्ये दक्षिणेला हजार किलोमीटरवर ओगासावारा नावाची बेटं आहेत. त्यांतलं चिचिजिमा हे हाना-सानचं. विमानतळ नाही, पाच-सहा दिवसांतून एकदा बोट. गावाला स्वतःचा सरपंच आहे, स्वतःची ग्रामसभा आहे, पण गव्हर्नर टोकियोचा, आणि बेटावरच्या गाड्यांवर नंबरप्लेट टोकियोतल्याच शिनागावाच्या. "वादळ आलं की आम्ही टोकियोत असून टोकियोला पोचू शकत नाही," त्या म्हणायच्या आणि आपल्याच वाक्यावर खूश व्हायच्या.

मी फोडणी टाकली की त्या नाक वर करून डोळे मिटायच्या. बेटावर नाकात झणझणणारं वासाबी नसायचं, म्हणून तिथे सुशीवर मोहरी लावतात. "तुझ्या घरात माझ्या आजीचा वास येतो," म्हणायच्या. एकदा मी हौसेने मोहरी वाटून दिली, तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली आणि वर म्हणाल्या, "थोडी कमी तिखट आहे." खोटं बोलत होत्या. नाक लालबुंद झालं होतं.

त्यांच्या बेटाचा इतिहास मी पुस्तकातून वाचलेला नाही. मेथी निवडता निवडता ऐकलेला आहे. पूर्वी तिथे कुणीच राहत नव्हतं. मग देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचे काही गोरे खलाशी आणि हवाईकडची माणसं येऊन वसली. त्यांतला एक हाना-सानच्या आजोबांचा आजोबा. पुढे जपानने बेटावर झेंडा लावला, शेजारी जपानी वस्ती झाली, सगळे एकत्र नांदू लागले. महायुद्धात सैन्याने गाव रिकामं करून सगळ्यांना मुख्य भूमीवर आणून टाकलं. तिथे हाना-सानच्या आजीकडे लोक तिच्या डोळ्यांच्या रंगामुळे शत्रू म्हणून बघायचे. युद्ध संपलं, बेट अमेरिकन नौदलाकडे गेलं, आणि नौदलाने परत येऊ दिलं ते फक्त गोऱ्या खलाशांच्या वंशजांना. जपानी शेजाऱ्यांना नाही. वीस वर्षांहून जास्त काळ येऊ दिलं नाही.

"आमचं घर एकाच जागी होतं गं," त्या मेथीची काडी माझ्याकडे रोखून म्हणायच्या. "झेंडेच येत-जात होते. एकाही झेंड्याने घराला विचारलं नाही."

त्यांच्या आजीची जिवाभावाची मैत्रीण अशीच मुख्य भूमीवर राहिली. तिच्या घराची जागा रानाने खाल्ली. आजी दर महिन्याला जाऊन तिच्या विहिरीवरच्या वेली काढून यायची. मैत्रीण परत आली तर पाणी लागेल म्हणून. मैत्रीण वाट बघता बघता तिकडेच वारली. "लोक म्हणायचे, तुम्ही नशीबवान, तुम्हाला परत येऊ दिलं. पण शेजारी नाही तर ते कसलं गाव?" हे सांगताना त्या कधी रडल्या नाहीत. मेथी मात्र पानं आणि देठ एकत्र करून ठेवायच्या, आणि मी नंतर गुपचूप परत निवडायची.

अशा बाईच्या हातात फिरता फोल्डर का होता आणि तो एकही दार चुकवू नये म्हणून त्या का तडफडायच्या, हे मग मला उमगलं. इमारतीत आम्ही भारतीय बरेच. संध्याकाळी आमची पोरं खाली क्रिकेट खेळायची. समितीत एकदा ठराव आला की अंगणात चेंडू बंद. सगळे माना डोलवत होते. आम्ही भारतीय आईबापही डोलवत होतो, उगाच वाईटपणा नको म्हणून. हाना-सान उठल्या. "मुलांना विचारलं?"

अध्यक्ष म्हणाले, "मुलांना काय विचारायचं?"

"खेळतं कोण? तुम्ही?"

शेवटी पोरांना बोलावलं. जपानी, मराठी, तमिळ, सगळी ओळीत उभी. मुक्ता तेव्हा तिसरीत. पोरांनी पाच मिनिटांत सांगितलं: मऊ चेंडू, सहापर्यंतच, आणि कुंड्यांच्या बाजूला फलंदाज उभा करायचा नाही. मोठ्यांचं डोकं दोन महिने चालत होतं. अध्यक्षांनी ठराव खिशात घातला. साबणवाले आजोबा तर पुढे पंच म्हणून खुर्ची टाकून बसायला लागले, आणि जपानी पोरांच्या बाजूने धडधडीत खोटे निकाल द्यायचे.

असं सगळं छान चाललं होतं आणि तेवढ्यात मी माती खाल्ली.

निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुण्याच्या ऑफिसात चांगली जागा मिळत होती. सासूसासरे थकले होते. दिवाळीपर्यंत हजर व्हायचं होतं. आम्ही दोघांनी ठरवलं, पुण्यात शाळाही बघून ठेवली. मुक्ता तेव्हा सहावीत, अकरा वर्षांची, मराठी कळायची पण उत्तर जपानीत द्यायची. मराठी अक्षर वाचायचं नाव नाही. तिला योग्य वेळ बघून सांगू, असं आमचं चाललं होतं. योग्य वेळ म्हणजे काय, तर तिकिटं हातात आल्यावर.

फोल्डर घेऊन हाना-सान आल्या तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना बातमी दिली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मुक्ताला विचारलं?"

मला राग आला. खरं बोलायचं तर आधीच मन खात होतं, म्हणून जास्त आला. म्हटलं, "आमच्यात मुलांना असं विचारत नाहीत, हाना-सान. आईवडील बघतात मुलांचं भलं."

"नौदलाचा अधिकारी पण हेच म्हणायचा," त्या शांतपणे म्हणाल्या.

आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही असं माझी आई जन्मभर सांगत आली ती मी, म्हणाले, "तुम्हाला मूलबाळ नाही. तुम्हाला नाही कळायचं ते."

त्यांनी सूचना शेवटपर्यंत वाचून दाखवली. गटारं साफ करण्याची होती. माझा शिक्का घेतला, वाकल्या, गेल्या.

पुढच्या आठवड्यात फोल्डर दाराला लटकलेला मिळाला. बेल वाजली नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. आता मला सगळं वाचता येत होतं, अडत काहीच नव्हतं. पण त्या मुठीला लटकलेल्या फोल्डरकडे बघून तोंडात मारल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात मी पुरणपोळ्या केल्या आणि डबा घेऊन त्यांच्या दाराशी गेले.

"चुकले मी," एवढंच म्हटलं.

त्यांनी आत घेतलं. पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि मग जे सात वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

अडुसष्ट साली बेट जपानला परत मिळालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. तोवर शाळा नौदलाची, सगळं इंग्रजीत. शाळेच्या वहीवर नाव हॅना. घरी तिसरीच खिचडी भाषा. झेंडा उतरला, दुसरा चढला, आणि वडिलांनी मोठ्या भावाला बसवून विचारलं: अमेरिकेत जातोस की इथे राहतोस? तो सतरा वर्षांचा. तो गेला. हाना बाजूलाच मासे साफ करत बसली होती. तिला वाटलं, आता मला विचारतील. तिने उत्तर पण तयार ठेवलं होतं. वडील उठून जाळं विणायला गेले.

"काय होतं उत्तर?" मी विचारलं.

"राहते, हेच होतं. मला कुठे जायचं होतं? पण ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं ना. निघालं नाही, म्हणून जन्मभर वाटत राहिलं की मला इथे ठेवलंय."

मग जपानी शाळा सुरू झाली. हानाला जपानी अक्षर येत नव्हतं. तिला छोट्या मुलांबरोबर बसवलं, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, त्यांच्याएवढ्या खुर्चीवर. "गुडघे मेजाला लागायचे. पोरं हसायची नाहीत, चांगली होती. एकटं मात्र फार वाटायचं. शेजारी माझ्याएवढं एक जण जरी बसलं असतं ना…" आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी दुसरी पोळी घेतली. "हे आत काय आहे? डाळ? गोड डाळ? तुम्ही लोक काहीही करता."

मी घरी आले. निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "आणि ती नाही म्हणाली तर?" हीच तर भीती मलाही होती. पण जेवण झाल्यावर आम्ही मुक्ताला समोर बसवलं आणि सरळ विचारलं. पुण्याला जायचं असं आमच्या मनात आहे. तुला काय वाटतं?

मुक्ताने वाटी बाजूला सारली. "मला माहीत आहे. तुम्ही महिनाभर हळू आवाजात बोलताय. मी वाट बघत होते, कधी विचारताय." अगं बाई! तिच्या वयाची हाना मासे साफ करत बसलेली मला दिसली.

मुक्ता नाही म्हणाली नाही. आजी-आजोबा तिलाही हवे होते. पण मार्चमध्ये तिची सहावी संपणार होती, प्राथमिक शाळेचा निरोप समारंभ. तो वर्गाबरोबर करून जायचं. बाबाने पुढे जावं, आपण दोघी मागून. हे तिने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि तिथे मला पहिलीतल्या मुलांबरोबर बसवतील का?"

आमचा जीव भांड्यात पडला तो पडला, पण लाजही वाटली. एवढा साधा तोडगा, आणि आम्ही दोघं शिकलेसवरलेले महिनाभर कुजबुजत होतो.

निखिल दिवाळीला गेला. मी मुक्ताला रोज संध्याकाळी मराठी शिकवायचं ठरवलं. हाना-सानना हे सांगितलं तर त्यांनी फक्त वेळ विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी बरोबर पाचला बेल. दारात हाना-सान. हातात दुरेघी वही, टोक केलेली पेन्सिल आणि रबर.

"काय हो?"

"मी पण पहिलीत बसते," त्या म्हणाल्या, आणि मुक्ताच्या शेजारी, बुटक्या मेजापाशी, गुडघे मोडून बसल्या.

सदुसष्टाव्या वर्षी! मी वळले आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि मास्तरणीने पहिल्याच दिवशी रडणं बरं दिसत नाही. तेव्हापासून मार्चपर्यंत आमची शाळा एक दिवस चुकली नाही. अ, आ, इ, ई. ळ त्या माझ्यापेक्षा सुरेख काढायच्या. ज्ञ मात्र काही केल्या जमेना. खेकडा पडल्यासारखा दिसायचा. मुक्ता त्यांची वही तपासायची आणि लाल पेन्सिलीने निर्दयपणे फुल्या मारायची. पाणी प्यायला उठायचं तरी हाना-सान हात वर करून परवानगी मागायच्या. "विचारून जावं," म्हणायच्या. मुक्ता सहा आठवड्यांत वाचायला लागली. शेजारी कुणीतरी तिच्यापेक्षा मठ्ठ बसलेलं होतं ना! बाई मुद्दाम चुकत होत्या की खरंच, हे मला आजही कळलेलं नाही.

निरोप समारंभाला त्या पहिल्या रांगेत होत्या. आठवड्याभराने आम्ही निघालो. निघायच्या आदल्या दिवशी फोल्डर आला. आमच्या नावापुढे या वेळी शिक्का मारला नाही. मुक्ताने देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलं आणि फोल्डर स्वतः नेऊन पुढच्या दाराला लटकवला.

बेटावरून बोट सुटते तेव्हा गावकरी काय करतात ते हाना-सान नेहमी सांगायच्या. निरोपाचा शब्द तोंडातून काढत नाहीत. 'जाऊन ये' म्हणतात, आणि आपापल्या छोट्या होड्या काढून बोटीच्या बाजूने समुद्रात दूरवर हात हलवत जातात. मी म्हटलं होतं, आमच्यातही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुम्ही पण बेटावरचेच."

टॅक्सी सुटली. मी मागे वळून बघते तर हाना-सान सायकलवर! पुढच्या टोपलीत भाजीची पिशवी तशीच, कुरळे केस उडताहेत, एक हात हँडलवर, दुसरा हवेत. वयाचं भान नको का या बाईला! चौकातला सिग्नल लाल झाला आणि त्यांनी आम्हाला गाठलं. ड्रायव्हरने न सांगता काच खाली केली. हाना-सानना इतकी धाप लागली होती की शब्द फुटेना.

पुण्याला येऊन आता वर्ष होत आलं. मुक्ता तिच्याच वयाच्या मुलींच्या वर्गात बसते. हट्टाने म्हणा, आनंदाने म्हणा, ती स्वतः आलेली आहे, कुणी आणून ठेवलेली नाही, आणि हे माझ्या शहाणपणाने झालेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. ज्यांना कुणी विचारलं नाही त्या बाईने मला माझ्या मुलीचं मत विचारायला लावलं. त्यांचे उपकार मी कसे फेडणार? फेडायचे नाहीतच. बाळगायचे.

तर तो चौक. धाप ओसरल्यावर त्यांनी मुक्ताकडे बघितलं आणि मराठीत, वहीतल्यासारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "मुक्ता, परत येशील का?"

आणि थांबल्या. उत्तरासाठी.

'येईल हो, येईल की!' माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. मला विचारलं नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. ड्रायव्हर तसाच थांबून राहिला. मुक्ताने नीट विचार केला, आणि मराठीत म्हणाली, "येईन. तोवर ज्ञ शिकून ठेवा."